वीस कॅरव्हान मांडण्याआधी सांडपाण्याचं बोला

पत्र (थोडक्यात): आम्ही दोघं बर्मिंगहॅमजवळ राहतो. मागच्या वर्षी श्रॉपशायरमधल्या क्लन खोऱ्यात साडेचार एकरांचं मेंढ्यांचं कुरण घेतलं. जागा श्रॉपशायर हिल्स नॅशनल लँडस्केपमध्ये येते. तिथे सुटीवर येणाऱ्यांसाठी वीस टूरिंग कॅरव्हान (गाडीमागे ओढून आणायची फिरती घरं) आणि चार लाकडी लॉज असा बेत आहे. जमीन विकणारा म्हणाला होता, "साठ दिवसांच्या नियमात बसतं, कुणाला विचारायला नको." यजमानांचं म्हणणं, आधी सुरू करू, परवानगी मागाहून घेऊ. एका ड्राफ्ट्समनकडून नकाशा करून घेतला आहे. तोच काउन्सिलला पाठवू का?
– एक वाचक, वेस्ट मिडलंड्स

नमस्कार,

नकाशा इतक्यात पाठवू नका. ड्राफ्ट्समनने सांगितलं तसं काढलं, त्याची चूक नाही. पण तुम्ही आकड्यापासून सुरुवात केलीत, आणि संरक्षित निसर्गक्षेत्रात आकडा सगळ्यात शेवटी येतो. तुमची जमीन किती सांडपाणी पचवते, फाटकातून रस्ता किती लांबपर्यंत दिसतो आणि समोरच्या टेकडीवरून तुमचं कुरण किती उघडं पडतं, या तिन्हींतून जे तरेल तेवढाच तुमचा आकडा. वीस अधिक चार तरणं कठीण आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आधी साठ दिवसांचं. नियम खरा आहे. जुलै २०२३ पासून इंग्लंडमध्ये वर्षाला ६० दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त ५० पिचची (पिच म्हणजे एक तंबू किंवा गाडी लावायची जागा) तात्पुरती छावणी वेगळ्या प्लॅनिंग परवानगीशिवाय चालवता येते, आणि नॅशनल लँडस्केपमध्येही तो लागू आहे. पण तो तंबू आणि मोटारहोमसाठी आहे. गाडीमागे ओढून आणलेली कॅरव्हान त्यात बसत नाही, आणि तुमच्या बेतात तर नेमक्या त्याच आहेत. "विचारायला नको" हेही खोटं. दरवर्षी सुरू करण्याआधी काउन्सिलला तारखा आणि नकाशा कळवावा लागतो. त्या नकाशावर संडास आणि कचऱ्याची सोय दाखवावी लागते. जागा पूररेषेच्या झोन २ किंवा ३ मध्ये असेल तर पूर्वमान्यता घ्यावी लागते. जागा एसएसएसआय (खास वैज्ञानिक महत्त्वाची संरक्षित जागा) म्हणून घोषित असेल, त्यावर संरक्षित स्मारक असेल किंवा ती वारसा इमारतीच्या आवारात असेल, तर हा हक्कच नाही. त्या पट्ट्यात ऑफाज डाइकचा प्राचीन मातीचा बांध काही ठिकाणी संरक्षित स्मारक आहे. तुमच्या सीमेजवळून जातो का, ते हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर पाहून घ्या.

विकणाऱ्याने सगळ्यात मोठी गोष्ट मात्र सांगितलीच नाही. क्लन नदीचा खालचा भाग गोड्या पाण्यातल्या मोत्याच्या शिंपल्यांसाठी विशेष संवर्धन क्षेत्र, म्हणजे एसएसी, आहे. हे शिंपले नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांना फार हळवे असतात. अशा नदीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर आपोआप मिळणारे हक्कसुद्धा काउन्सिलच्या लेखी मंजुरीशिवाय वापरता येत नाहीत. २०१७ च्या हॅबिटॅट्स (अधिवास-संरक्षण) नियमावलीतला नियम ७५ तसं सांगतो आणि ती मंजुरी नियम ७७ खाली मागायची असते. नदी तुमच्या बांधापासून पाच मैलांवर असली तरी तुमचं पाणी उतरतं त्याच खोऱ्यात. त्यामुळे साठ दिवसांचा मार्गही तुम्हाला कागदाविना मोकळा नाही.

आता यजमानांसाठी. काम झाल्यावर परवानगीचा अर्ज करता येतो, कायद्यात तशी सोय आहे. पण जाणूनबुजून विनापरवाना सुरू केलेलं काम ही अर्जाविरुद्ध जाणारी बाब मानली जाते, हे सरकारी धोरण २०१५ पासूनचं आहे. कारवाईची मुदत दहा वर्षांची. एन्फोर्समेंट नोटीस (वापर थांबवा असा काउन्सिलचा हुकूम) निघून लागू झाली आणि पाळली नाही, तर तो फौजदारी गुन्हा होतो आणि दंडाला वरची मर्यादा नाही. शिवाय क्लनच्या खोऱ्यात नदीचा हिशेब जुळल्याशिवाय काउन्सिलला परवानगी देताच येत नाही, मागाहूनचीसुद्धा. म्हणजे पैसे घालून बसाल आणि सुटायला वाट नसेल.

महाराष्ट्रात शेतजमिनीवर काही करायचं म्हटलं की डोक्यात पहिलं एनए येतं. इकडे तुम्ही अर्ज करता तो ‘वापरातल्या बदला’चा: शेतीऐवजी अमुक इतक्या कॅरव्हान, अमुक महिने. आणि मिळालेली परवानगी तुमच्या नावाची नसते, जमिनीला चिकटते. उद्या तुम्ही कुरण विकलंत तर ती घेणाऱ्याकडे जाते. म्हणून "आम्ही नीट सांभाळू, गोंगाट होऊ देणार नाही" या आश्वासनाला फाइलमध्ये काही वजन नसतं. वजन असतं ते अटी म्हणून लिहून घेता येईल अशा गोष्टींना.

सांडपाणी

हिशेब कागदावर मांडू. पिचमागे तीन माणसं, माणशी दिवसाला १२० लिटर धरा. वीस पिचचे झाले ७,२०० लिटर, लॉज वेगळेच. घरगुती सांडपाणी प्रक्रिया करून जमिनीत सोडायचं असेल तर परमिटशिवाय दिवसाला २,००० लिटरपर्यंत चालतं, वाहत्या पाण्यात ५,००० पर्यंत. त्याहून जास्त असेल तर एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी यंत्रणेचं परमिट लागतं. संवर्धन क्षेत्राच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोताच्या जवळ असाल तर त्याखालीही परमिट लागू शकतं. साधा सेप्टिक टँक थेट ओढ्यात सोडणं तर पूर्ण बंद आहे. पाच पिच धरलीत तर १५ माणसं, १,८०० लिटर. आकडा कुठून येतो ते आता लक्षात येईल.

जमीन पाणी जिरवते का हे अंदाजाने सांगू नका, झिरप चाचणी करा. जिथे जिरवण्याचे पाइप टाकायचे तिथे, पाइपाचा तळ येईल त्या पातळीच्या खाली ३०० मिलिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पाणी तीन-चतुर्थांशावरून एक-चतुर्थांशावर, म्हणजे १५० मिलिमीटर, उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. त्या सेकंदांना १५० ने भागा. येणाऱ्या आकड्याला व्हीपी म्हणतात. निदान दोन खड्डे, प्रत्येकात तीनदा, आणि सगळ्यांची सरासरी. व्हीपी १२ ते १०० च्या मध्ये हवा. १२ च्या खाली म्हणजे पाणी न गाळता भूजलात घुसतं. १०० च्या वर म्हणजे चिकणमाती, पाणी वर येऊन कुरणात साचणार. गोठलेल्या जमिनीवर, धो-धो पावसात किंवा कडक कोरड्यात केलेली चाचणी अधिकारी मानत नाहीत, आणि बरोबरच आहे.

पॅकेज ट्रीटमेंट प्लांट (जिवाणूंनी सांडपाणी शुद्ध करणारी तयार टाकी) बसवणार असाल तर जिरवणीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असं काढतात: माणसं गुणिले व्हीपी गुणिले ०.२०. व्हीपी ४० आला, तर १५ माणसांना १२० चौरस मीटर, ६० माणसांना ४८०. हा पट्टा ओढ्यापासून निदान १० मीटर, इमारतीपासून १५, विहीर किंवा बोअरपासून ५० मीटर लांब, आणि त्यावर ना कॅरव्हान ना गाडी. नकाशात तुमच्या ड्राफ्ट्समनने हा पट्टा दाखवलेलाच नसणार.

कॅरव्हानवाल्यांच्या केमिकल टॉयलेटचा डबा या प्लांटमध्ये कधीही ओतू देऊ नका. त्यातलं रसायन प्लांटमधले जिवाणू मारतं, मग घाण जशीच्या तशी जमिनीत. त्याला वेगळी बंद टाकी आणि टँकरने उपसा. "मग सगळंच बंद टाकीत घालू" असं कुणी सुचवेल. १८,००० लिटरची टाकी वीस पिचच्या पाण्याने अडीच दिवसांत भरते. टँकरचं बिल तुम्हीच मागवून पाहा.

एवढं झाल्यावर नदीचा हिशेब. तुमच्यामुळे खोऱ्यात नायट्रोजन-फॉस्फरसचा भार वाढणार नाही, हे काउन्सिलला हॅबिटॅट्स मूल्यमापनात निःशंकपणे दाखवावं लागतं. वाढणारा भार एका बाजूला आणि मेंढ्यांची चराई बंद किंवा कमी झाल्याने घटणारा भार दुसऱ्या बाजूला, असा ताळेबंद असतो. मोकळं कुरण घेतल्याचा तुम्हाला इथे थोडा फायदा आहे. पण ही मांडणी या विषयातल्या इकॉलॉजिस्टकडूनच करून घ्या, आणि त्याला कामावर घेण्याआधी एकच विचारा: क्लनच्या खोऱ्यात याआधी कुठला अर्ज हाताळलात? नकाशावाल्याच्या आधी पैसे या माणसावर खर्च करा. इथे उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं काहीच करायची गरज उरत नाही.

दिसणं, आणि ते चार लॉज

नॅशनल लँडस्केप हे नाव २०२३ च्या नोव्हेंबरपासूनचं. कायद्यात अजून जुनंच नाव आहे, एओएनबी (एरिया ऑफ आउटस्टँडिंग नॅचरल ब्यूटी). २०२३ च्या डिसेंबरअखेरपासून मात्र एक खरा बदल झाला. निसर्गसौंदर्य राखणं आणि वाढवणं या हेतूला पुढे नेण्याचा प्रयत्न करणं हे काउन्सिलवर कायद्याने बंधनकारक झालं. आधी नुसतं ‘लक्षात घ्या’ असं होतं. राष्ट्रीय धोरणही या भागातल्या निसर्गदृश्याला मोठं वजन द्यायला सांगतं. याचा अर्थ सरसकट नकार असा नाही, कारण तेच धोरण गावाकडच्या पर्यटनाला, परिसराचं रूप राखणार असेल तर, पाठिंबा देतं. श्रॉपशायरच्या आराखड्यात यासाठी दोन धोरणं आहेत, सीएस१६ आणि एमडी११. दोन्ही वाचा. एमडी११ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जागेवर कायम राहणाऱ्या कॅरव्हान, शॅले आणि लाकडी केबिनचा परिसरावर जास्त परिणाम होतो.

म्हणून लॉज सोडा, असा आमचा सल्ला आहे. कायद्याने दोन तुकड्यांत आणून जोडलेला, २० मीटर लांब आणि ६.८ मीटर रुंद लॉजही ‘कॅरव्हान’च ठरतो, हे खरं. पण टेकडीवरून पाहणाऱ्याला तो बंगलाच दिसतो, आणि बाराही महिने दिसतो. टूरिंग कॅरव्हानची खरी ताकद ही की ऑक्टोबरअखेर त्या निघून जातात आणि कुरण पुन्हा कुरण होतं. ही गोष्ट अट म्हणून स्वतःहून देऊ करा: १ मार्च ते ३१ ऑक्टोबर, हिवाळ्यात एकही कॅरव्हान जागेवर नाही. या एका ओळीने निम्मे आक्षेप बोथट होतात.

लँडस्केप आर्किटेक्टकडून दृश्य-परिणामाचा अहवाल घ्या आणि फोटो हिवाळ्यात, पानगळ झालेली असताना काढायला सांगा. जूनमधल्या हिरव्या फोटोंवर कोणी विश्वास ठेवत नाही. ऑफाज डाइक पाथ, श्रॉपशायर वे आणि गावातल्या पायवाटांवरून कुठून कुठून कुरण दिसतं ते नकाशावर आखून घ्या. पांढरी कॅरव्हान हिरव्या उतारावर मैलभरावरून डोळ्यांत भरते, त्यामुळे जागा निवडायची ती खालच्या कोपऱ्यात, जुन्या कुंपणाच्या किंवा झाडीच्या आडोशाला, मग तिथून पाण्याची लाइन लांब पडली तरी चालेल. "झाडं लावून झाकू" हा युक्तिवाद लंगडा आहे. झाडी उभी राहायला दहा-पंधरा वर्षं जातात. झाकण्यासाठी सायप्रस किंवा लॉरेलची भिंत तर मुळीच नको, तीच परकी दिसते. हॉथॉर्न, हेझल, फील्ड मेपल अशी तिथलीच झुडपं, दोन ओळींत आलटूनपालटून, मीटरला पाच. डांबर नको, गवत उगवू देणारी जाळी टाका. दिवे फक्त संडासापाशी, खाली तोंड करून, २७०० केल्विनचे म्हणजे पिवळसर.

रस्ता

इथे बरेच अर्ज पडतात. ताशी ६० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर फाटक उघडत असेल तर कडेपासून २.४ मीटर आत उभं राहून दोन्ही बाजूंना २१५ मीटर दिसायला हवं. त्या वळणावळणाच्या गल्ल्यांमध्ये ते मिळणं जवळजवळ अशक्य. पण अशा रस्त्यावर ६० ने कोणी जातही नाही. म्हणून आठवडाभर रबरी नळ्या टाकून वेग मोजून घ्या. शंभरातल्या ८५ गाड्या ३० मैलांच्या आत असतील, तर साधारण ४३ मीटरवर बोलणी करता येतात. त्या दृष्टिरेषेतली जमीन तुमची किंवा रस्त्याची हवी. शेजाऱ्याचं कुंपण मध्ये येत असेल तर त्याचा लेखी करार, नाहीतर विषय संपला.

गाडी आणि कॅरव्हान मिळून बारा मीटरच्या आसपास जातात. फाटक तेवढं आत घ्या, आतल्या बाजूला उघडणारं करा, म्हणजे फाटक उघडेपर्यंत शेपूट रस्त्यावर राहणार नाही. आणि दृष्टी मोकळी करायला कुंपण आधीच तोडू नका! झाडझुडपांच्या जुन्या ग्रामीण कुंपणाला १९९७ पासून वेगळं संरक्षण आहे. शिवाय जैवविविधतेत १० टक्के भर दाखवायचा नियम छोट्या जागांना २ एप्रिल २०२४ पासून लागला आहे. त्यात ३० जानेवारी २०२० नंतर परवानगीविना काही तोडलं-नांगरलं असेल तर मोजणी आधीच्या, चांगल्या स्थितीपासून करतात. साफसफाई केलीत तर भरपाईचं ओझं तुमच्याच डोक्यावर.

जीवसृष्टीचा प्राथमिक सर्व्हे लवकर लावा, कारण पुढचे सर्व्हे ऋतूवर चालतात. जवळ तळं असेल तर पाणसरड्यांसाठी (ग्रेट क्रेस्टेड न्यूट) पाण्याचा डीएनए नमुना १५ एप्रिल ते ३० जून एवढ्यातच घेता येतो. तो हुकला की वर्ष गेलं.

मग किती मागायचं?

अर्ज न करता एक मार्ग आहे तो पाच कॅरव्हानचा. कॅरव्हान अँड मोटारहोम क्लब किंवा कॅम्पिंग अँड कॅरव्हानिंग क्लब यांच्याकडून प्रमाणित जागा म्हणून दाखला घेतलात, तर एकाच वेळी पाच कॅरव्हान, फक्त क्लबच्या सदस्यांच्या, ठेवता येतात. प्लॅनिंग परवानगी नको, साइट लायसन्सही नको. नळ, केमिकल टॉयलेट ओतायची जागा आणि कचऱ्याची सोय पुरते. क्लबचा माणूस येऊन पाहून जातो. नियम ७५ चं बंधन मात्र इथेही आहेच. आणि संडासाची इमारत, पक्के ओटे, विजेचे खांब या सवलतीत येत नाहीत, त्यांना वेगळी परवानगी लागते. लोक नेमके इथेच अडकतात. दोन हंगाम पाच चालवून पाहा. गिऱ्हाईक आहे का, रस्त्यावर तक्रार येते का, हे आकड्यांत हातात येईल आणि पुढच्या अर्जाला तोच पुरावा होईल.

त्यापेक्षा मोठं हवंच असेल तर आठ-दहा पिच आणि लाल रेघ (अर्जाच्या नकाशावर जागेची हद्द दाखवणारी रेघ) एक हेक्टरच्या आत ठेवा. एक हेक्टर झालं की अर्ज ‘मोठा’ गणला जातो आणि निर्णयाची मुदत आठ आठवड्यांवरून तेरावर जाते. पर्यावरण-परिणाम तपासायचा का, याची चाळणी मात्र एओएनबीमध्ये हेक्टरची मर्यादा न बघता लावावी लागते. ती काउन्सिलकडून आधीच लेखी करून घ्या, नाहीतर मिळालेली परवानगी शेजारी कोर्टात उपटून टाकू शकतो.

काउन्सिलकडे जायचं पहिलं पाऊल म्हणजे फी भरून त्यांचा अर्जपूर्व सल्ला. जाताना वर सांगितलेले झिरपीचे आकडे, वेगमोजणी आणि हिवाळी फोटो घेऊन जा; रिकाम्या हाताने गेलात तर धोरणांची यादी तेवढी मिळते. त्याच सुमारास पॅरिश काउन्सिलच्या (गावपातळीवरच्या पंचायतीच्या) सभेला जाऊन बसा. नोटिशीतून कळलेला प्रस्ताव गावाला नेहमीच दुप्पट मोठा वाटतो. अर्जाची फी वापरबदलासाठी एप्रिल २०२५ मध्ये ५८८ पौंड होती आणि दर एप्रिलला वाढते. लाल रेघ सरकारी रस्त्यापर्यंत नेऊन भिडवा. कुरणाभोवतीच रेघ मारून रस्ता बाहेर ठेवला तर अर्ज दाखलच होत नाही, आणि ही चूक आठवड्यांमागून आठवडे खाते.

परवानगी आली तरी लगेच कॅरव्हान आणू नका. ‘काम सुरू करण्यापूर्वी’ म्हणून दिलेल्या अटी आधी लेखी पूर्ण करून घ्यायच्या असतात. पाहुण्यांची नावं आणि त्यांच्या कायमच्या घराचे पत्ते यांची वही ठेवायची अट जवळजवळ नेहमी असते. ती पहिल्या दिवसापासून भरा. मग १९६० च्या कायद्याखालचं साइट लायसन्स, त्याच काउन्सिलच्या वेगळ्या टेबलावरून. दोन कॅरव्हानमध्ये ६ मीटर अंतर तिथेच पाहतात. नकाशात ते आधीच ठेवलं नसेल तर परवानगी दहाची आणि जागेवर मावतात सात.

नकार आला तर सहा महिन्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे अपील करता येतं. पूर्वी सुधारित अर्ज एकदा फुकट करता यायचा, ती सवलत डिसेंबर २०२३ मध्ये गेली. कारणांत ‘रस्ता’ किंवा ‘अपुरी माहिती’ असेल तर माहिती गोळा करून नवा अर्ज बरा पडतो. ‘निसर्गदृश्याची हानी’ असेल तर आकडा आणि जागा बदलल्याशिवाय दुसऱ्यांदा फी भरू नका.